फ्लूचा ताप: पॅरासिटामॉल नेमकं किती मिली?

मुलगी ८ वर्षांची, वजन २४ किलो. काल रात्रीपासून १०२ ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. घरात दोन बाटल्या आहेत, एकीवर १२० लिहिलंय, दुसरीवर २५०. कुठली, किती द्यायची?

प्रतिसाद १
वयावर नाही, वजनावर जा. किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे एका वेळी ३६० मिग्रॅ. २५० चा अर्थ ५ मिलीत २५० मिग्रॅ, त्यामुळे साधारण ७ मिली. १२० च्या बाटलीतून तोच डोस १५ मिली होतो. चूक इथेच होते: बाटली बदलते, माप तेच राहतं, आणि डोस अर्धा किंवा दुप्पट होतो. एक बाटली कपाटात ठेवून द्या. दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. चमच्याने नको, सिरिंजने मोजा.

प्रतिसाद २
सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, फ्लूमध्ये मुलांना रे सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृताला सूज आणणारा गंभीर आजार) धोका असतो. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्याही नकोत, हुडहुडी भरते.

प्रतिसाद ३
जेवली नाही तरी चालेल, पेज, वरणाचं पाणी, ओआरएस घोट घोट द्या. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ८ तास लघवी नाही, पोटऱ्या दुखून चालता न येणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं: यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. दमा असेल तर आजच दाखवा, ऑसेल्टामिवीर (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं जास्त उपयोगी. शाळा? औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच.