गेटवरचा फ्रीज बंद करावा का?

धनकवडीकर:
दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने गेटबाहेर फ्रीज ठेवला. उरलेलं अन्न ठेवा, ज्याला हवं त्याने न्यावं. परवा साफ करायची पाळी माझ्यावर आली. आत फेस आलेली आमटी, कडक झालेली अर्धी पुरणपोळी आणि चक्क एक घास खाल्लेला पिझ्झा! याला अन्नदान म्हणायचं? आपल्या घरचा फ्रीज रिकामा करायची सोय आहे ही. बंद करा आणि विजेचे पैसे धड कामाला लावा.

पुण्यातच हमाल पंचायतीची, म्हणजे हमालांच्या संघटनेची, 'कष्टाची भाकर' ही खाणावळ आहे. बाबा आढावांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात सुरू झालेली, ना नफा ना तोटा. हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी, सगळे पैसे मोजून जेवतात. पैसे मोजणारा माणूस 'आज भाजी खारट झालीय' असं तोंडावर सांगू शकतो. फ्रीजपाशी कोण कुणाला सांगणार? आपणही तसं छोटं किचन काढावं.

मंडईवाली:
दादा, मोजायला आधी खिशात पैसे हवेत ना? आमच्या चौकातली फुगेवाली रात्री साडेदहाला दोन पोरं घेऊन येते. तेव्हा कुठली खाणावळ उघडी असते? आमच्याकडेही फ्रीज आहे, पण उष्टं चालत नाही, शिजवल्याची तारीख-वेळ डब्यावर लिहायची आणि रोज रात्री एक घर तो बघून जातं. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०१९ मध्येच केलेत, त्यातही लेबल लावायला सांगितलंय. घाण तुमच्या सभासदांनी केली, त्यात फ्रीजचा काय दोष?

खडूस कारकून:
ना नफा ना तोटा म्हणजे कुणीतरी गुपचूप तोटा सोसतोय. १९९५ नंतर सरकारची एक रुपयात झुणका-भाकर योजना निघाली. पुढे कित्येक केंद्रांत काय मिळायला लागलं आठवतंय? वडापाव आणि चायनीज. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आलं: दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीमागे चाळीस रुपये सरकारचे. अनुदान अडकलं की चालकाचा जीव टांगणीला. तुमची सोसायटी हा खड्डा कशातून भरणार, पार्किंगच्या दंडातून?

परळचा नातू:
सरकार आणि सोसायटी सोडून तिसरी वाटही होती. माझी आजी लालबागच्या खोलीत गिरणी कामगारांना जेवू घालायची. जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणायचे. पैसे पगाराला, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज आजीच्या डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. जेवण आधीही स्वस्तच होतं हो, महाग होतं ते सावकाराचं व्याज! त्यामुळे धनकवडीकर, नवं किचन काढू नका. तुमच्या गल्लीत डबे करणाऱ्या दोन बायका नक्की असतील. त्यांच्या गॅसचे आणि किराण्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच द्या आणि त्या बदल्यात रोज दहा थाळ्या कमी दरात मागा.

खडूस कारकून:
आणि त्या दहा थाळ्या कुणाला, हे कमिटी ठरवणार! वॉचमनचा मेहुणा पहिला.

धनकवडीकर:
डबेवाल्या बायकांचं पटलं. मीटिंगमध्ये मांडतो. मेहुण्याचं काय ते तेव्हा बघू.

मंडईवाली, तुमचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून काल रात्री फ्रीजपाशी थांबलो. आमच्याकडेही एक बाई येते, टिकल्या-पिना विकणारी. तिने पोळ्या घेतल्या, भाजीचा डबा उघडून हुंगला आणि परत ठेवला. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कधीची हाय कळत न्हाई. पोराचं पोट बिघडलं तर दिवसाचा धंदा जातो."

मंडईवाली:
मग सांगितलं की तिने! मार्कर आणि चिकटपट्टी फ्रीजच्या हँडललाच दोरीने बांधून ठेवा. नुसती वर ठेवली तर आठ दिवसांत गायब होते, आमची दोनदा गेली.