राशिचक्राची काच-खिडकी: जुने काचचित्रकार ज्योतिष किती पाळत असत?

रेवती:
नमस्कार. मी पुण्यात स्टेन्ड ग्लासची कामे करते. सध्या एका घराच्या जिन्यातील गोल खिडकीसाठी बारा राशींचे तावदान करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. यजमान श्रद्धाळू आहेत आणि त्यांच्या दोन अपेक्षा आहेत. प्रत्येक राशीची काच तिच्या स्वामी ग्रहाच्या रंगाची असावी, आणि काचेवरचे रंग भाजण्यासाठी भट्टी लावायची ती मुहूर्त पाहूनच लावावी. दोन्हींना माझा विरोध नाही, परंतु पहिल्या अपेक्षेत रचनेची मोठी अडचण आहे. मेष आणि वृश्चिक या दोन्ही मंगळाच्या राशी असल्याने दोन्ही तांबड्या होतात, वृषभ आणि तूळ शुक्राच्या म्हणून पांढऱ्या, धनु आणि मीन गुरूच्या म्हणून पिवळ्या. अशा रीतीने बारा घरांना सातच रंग उरतात, आणि शनीची मकर व कुंभ ही दोन गडद घरे शेजारी येऊन वर्तुळाचा एक भाग काळवंडतो.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील दीक्षान्त सभागृहात प्रवेशद्वाराच्या वर जी सुमारे २० फूट व्यासाची गोल खिडकी आहे, तिच्या बाहेरच्या कड्यात बारा राशी रंगीत काचेत बसवलेल्या आहेत. ती पाहिल्यापासून मला प्रश्न पडला आहे की गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीच्या इमारतीत राशिचक्र आले कसे. युरोपातील जुन्या कारागिरांनी राशी रंगवल्या त्या फलज्योतिषावरील विश्वासाने का? त्यांचे रंग ग्रहांवरून ठरत असत का? आणि मुहूर्तावर काचेची भट्टी पेटवण्याला कुठे जुना आधार सापडतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वातायन:
रेवतीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलपासून (मुख्य चर्चपासून) द्यावे लागेल, कारण मुंबईची खिडकी त्याच परंपरेतून आली आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि १८७४ मध्ये पुरे झालेले हे सभागृह जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात कधीही न येता इंग्लंडमधूनच रेखले, आणि स्कॉट यांची बरीचशी घडण मध्ययुगीन चर्चवास्तूंच्या अभ्यासात आणि जीर्णोद्धारात झालेली होती. गोल खिडकीत राशी बसवणे त्यांना वेगळे वाटले नसणार.

शार्त्रच्या दक्षिणेकडील प्रदक्षिणापथात १२१७ च्या सुमाराची एक उंच खिडकी आहे. तिच्यात खालून वर जाताना एका बाजूला महिन्याचे काम आणि दुसऱ्या बाजूला त्या महिन्याची राशी अशी जोडी लावलेली दिसते. जानेवारीचा तीन तोंडांचा पुरुष कुंभेजवळ, फेब्रुवारीत शेकोटीपाशी बसलेला माणूस मीनेजवळ, जुलैची कापणी सिंहाजवळ. अगदी तळाशी द्राक्षमळ्यात राबणारी माणसे आणि दाता काउंट थिबो यांची चित्रे आहेत, तर शिखरावर ख्रिस्त आहे. ही मांडणी शांतपणे पाहिली की राशींचे तेथील काम लक्षात येते. त्या कोणाचे भविष्य सांगत नाहीत, तर वर्ष कसे फिरते, त्या फिरण्यात माणसाने कोणत्या वेळी काय करायचे आणि हे सारे कोणाच्या सत्तेखाली चालते, हे सांगतात. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही वाचता यावे असे ते पंचांगच होते, असे माझे मत आहे.

मात्र त्या काळी चर्चला ज्योतिष वर्ज्य होते असाही निष्कर्ष कोणी काढू नये. १३ व्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्यासारखे धर्मपंडित ग्रहताऱ्यांचा परिणाम शरीरावर, हवामानावर आणि पिकांवर होतो हे मान्य करत. माणसाच्या इच्छेवर त्यांची सत्ता चालते, हे मात्र ते नाकारत. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या कॅथेड्रलची १३ व्या शतकातील गुलाबाकृती खिडकी ही सीमारेषा फार सुंदर दाखवते. त्या खिडकीच्या योजनेत मध्यभागी संवत्सर, त्याभोवती सूर्य, चंद्र, दिवस, रात्र, पुढे ऋतू आणि महिने, आणि त्यापलीकडे राशी व महाभूते अशी रचना आहे. आणि महाभूतांच्या जोडीला अग्नीवरून व वायूवरून शकुन पाहण्याच्या विद्याही मनुष्यरूपात बसवल्या आहेत. शकुनविद्या चर्चमध्ये आहे, पण एका विशाल व्यवस्थेतील लहानशा जागेवर. व्हिलार द ओनकूर या १३ व्या शतकातील आरेखकाने ही खिडकी आपल्या वहीत रेखाटून घेतली होती, यावरून समकालीनांनाही तिचे मोल वाटत होते हे कळते. पुढे १५ व्या शतकात आंद्रे रोबां या काचकाराने फ्रान्समधील आंजेच्या कॅथेड्रलसाठी केलेल्या खिडक्यांतही दक्षिणेकडे राशी आहेतच.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. या खिडक्यांतील पार्श्वभूमी प्रामुख्याने लाल आणि निळ्या रंगांची असते, आणि ती दूरवरून आकृती उठून दिसावी म्हणून आलटून पालटून वापरलेली असते. राशिस्वामीच्या रंगाचा नियम तेथे चालवलेला दिसत नाही.

भट्टीकर:
वातायन यांच्या शेवटच्या परिच्छेदाला काचेच्या बाजूने जोड देतो, कारण माझ्या मते रंगांचा निवाडा भट्टीतच होतो.

युरोपातील जुन्या किमयागारांनी सात ग्रहांना सात धातू वाटून दिले होते: सूर्याला सोने, चंद्राला चांदी, बुधाला पारा, शुक्राला तांबे, मंगळाला लोखंड, गुरूला कथील आणि शनीला शिसे. आता हे धातू काचेत काय करतात ते पाहा. मंगळ तांबडा मानला जातो, परंतु त्याचे लोखंड काचेला हिरवट छटा देते. तांबे तर एकाच वेळी दोन पक्षांत आहे. भट्टीत हवा भरपूर असेल तर ते हिरवा-निळसर रंग देते आणि हवा कमी करून भाजले तर गडद लाल. हा लाल इतका दाट असतो की पूर्ण जाडीची काच जवळजवळ काळी दिसते, म्हणून मध्ययुगीन कारागीर स्वच्छ काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवीत असत. निळ्यासाठी लागणारा कोबाल्ट तर त्या सात धातूंत मुळी नाहीच. थिऑफिलस या १२ व्या शतकातील लेखकाने बीच लाकडाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग घेऊन काच कशी करावी हे लिहिले आहे. तीच काच किती प्रहर तापवली यावरून ती पिवळसर होते की जांभळट, हेही त्याने नोंदले आहे. तेथे ताप आणि वेळ यांचीच गणती आहे, ग्रहांची नाही.

ग्रह आणि रंग यांचा मेळ खरोखर बसतो तो फार तर शिशाच्या बाबतीत, कारण शिशाच्या काळ्या पट्ट्याच प्रत्येक आकृतीला सीमा घालतात. चांदी मात्र सूर्यासारखा पिवळा रंग देते. चांदीचे संयुग गेरूसारख्या मातीत कालवून काचेच्या मागील बाजूस लावायचे, सुमारे ५५० ते ६५० अंश सेल्सियसला भाजायचे आणि निवल्यावर माती पुसून टाकायची; काच त्या जागी पिवळी झालेली असते. हे तंत्र युरोपात १४ व्या शतकाच्या आरंभी आले. शार्त्रच्या कारागिरांकडे ते नव्हते, म्हणून त्यांना पिवळ्या रंगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी काच कापून शिशात बसवावी लागे. तुम्हाला मात्र सिंहाची आयाळ किंवा तुळेच्या दांडीवरील सोनेरी रेघ एकाच काचेवर मिळू शकते.

उत्तरायण:
रेवतीताई, तुमची बारा घरे आणि सात रंगांची अडचण आपल्याच ज्योतिषग्रंथात सुटलेली आहे, असे मी आनंदाने सांगतो. ग्रहांचे रंग वेगळे आणि राशींचे रंग वेगळे. वराहमिहिराने ६ व्या शतकात बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायात बारा राशींना बारा वर्ण दिले आहेत. मेष तांबडी, वृषभ श्वेत, मिथुन पोपटी, कर्क फिकट गुलाबी, सिंह धुरकट पांढरी, कन्या चित्रवर्णी, तूळ काळी, वृश्चिक सोन्यासारखी, धनु पिंगट, मकर कबरी, कुंभ तपकिरी आणि मीन स्वच्छ. काचकाम करणाऱ्या माणसाने ही यादी जरूर वाचावी. चित्रवर्णी आणि कबरी ही दोन घरे एकाच रंगाच्या काचेने भागत नाहीत, त्यांना छटा मिसळलेली किंवा ठिपकेदार काच हवी. सोनेरी वृश्चिकेसाठी भट्टीकरांनी सांगितलेला चांदीचा पिवळा आहे. आणि मीन तर पारदर्शक काचेचीच आहे. यजमानांचा शास्त्राधाराचा आग्रह आणि तुमची रचना, दोन्ही याने सांभाळले जातात.

आकृतीही त्याच अध्यायात आहेत आणि त्या इंग्रजी मासिकांतील राशिचित्रांहून बऱ्याच निराळ्या आहेत. कन्या नावेत असून तिच्यापाशी धान्य आणि अग्नी आहे. मिथुन म्हणजे गदा आणि वीणा घेतलेले स्त्री-पुरुष. मकराचे तोंड हरणाचे. पुण्यातील घरासाठी खिडकी करताना या आकृती सोडून परक्या आकृती उचलणे मला तरी खटकेल.

आता मुहूर्त. जगातील काच बनवण्याच्या सर्वांत जुन्या लिखित कृतींपैकी काही आजच्या इराकमधील प्राचीन निनवे येथील राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या मृत्पट्टांवर (मातीच्या पाट्यांवर) आहेत, त्या इ.स.पू. ७ व्या शतकातील असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत भट्टीचा पाया घालण्यापूर्वी शुभ महिना आणि शुभ दिवस शोधावा, असे स्पष्ट सांगितले आहे. भट्टीपाशी लहान देवप्रतिमा ठेवाव्यात, धूप आणि बळी द्यावा आणि अमुक महिन्यात तोडलेले लाकूडच जाळावे, असेही नियम आहेत. म्हणजे काचेची भट्टी मुहूर्तावर उभारण्याची रीत किमान २,६०० वर्षांची आहे. तेथे मुहूर्त भट्टी उभारण्याचा आहे, प्रत्येक भाजणीचा नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडेही वर्षातून एकदा दसऱ्याला हत्यारांची पूजा होते आणि पुढे वर्षभर काम चालते.

भट्टीकर:
उत्तरायण यांच्या म्हणण्याला पुष्टी देतो. मुहूर्तावर भट्टीचे बटण दाबण्यास काहीच हरकत नाही, परंतु पुढची वेळ काचेची असते. भाजणीनंतर सुमारे ५०० अंशांच्या टप्प्यातून काच हळूहळू निवू द्यावी लागते, नाहीतर आत राहिलेला ताण पुढे केव्हाही तिला तडकवतो. मुहूर्ताची समाप्ती गाठण्यासाठी झाकण लवकर उघडणार नाही, हे यजमानांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

रेवती:
सर्वांचे मनापासून आभार. वराहमिहिराची रंगयादी यजमानांना वाचून दाखवली आणि त्यांनी ती तत्काळ मान्य केली. शार्त्रप्रमाणे राशीशेजारी महिना दाखवावा असे आता मला वाटते. आपल्या महिन्यांची जोडी लावणे शास्त्राला धरून होईल का? आणि राशींचा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठेवावा की उलट?

उत्तरायण:
अवश्य लावावी. ज्या चांद्रमासात सूर्य मेष राशीत प्रवेश करतो तो चैत्र, ज्यात वृषभेत जातो तो वैशाख, ज्यात मकरसंक्रांत येते तो पौष. ज्या महिन्यात एकही संक्रांत येत नाही तो अधिक मास ठरतो. त्यामुळे चैत्र आणि मेष ही जोडी आपल्या कालगणनेच्या व्याख्येतच आहे. मात्र इंग्रजी महिने घेऊ नयेत. पाश्चात्त्य राशी सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) आणि आपल्या निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या) असल्याने दोहोंत सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. शार्त्रच्या जोड्या आपल्या पंचांगाशी जुळणार नाहीत.

वातायन:
क्रमाविषयी लिहितो. आपल्या मराठी कुंडलीत पहिले स्थान वर मध्यभागी असते आणि दुसरे त्याच्या डावीकडे, म्हणजे क्रम घड्याळाच्या उलट जातो. दक्षिणेकडे तोंड करून आकाश पाहिले तरी पुढची राशी पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला असते, म्हणून हाच क्रम ठेवावा. परंतु काच दोन्ही बाजूंनी दिसते. घरातून योग्य दिसणारा क्रम रस्त्यावरून उलटा दिसेल, म्हणून मुख्य दर्शन जिन्यातून की अंगणातून, हे यजमानांना विचारून मगच काच कापण्याचा नमुना-कागद पक्का करावा. जिन्याची बाजू निवडली तर रेखांकनाचा रंग आतील बाजूस आणि चांदीचा पिवळा बाहेरील बाजूस येईल, त्याप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर आधीच खूण करून ठेवावी.