दक्षिण आफ्रिका: प्रेमाच्या आड जास्त कोण आलं, लग्नबंदी की वस्तीबंदी?

उंबरठा:
वर्णभेदाच्या काळातल्या प्रेमाचा विषय निघाला की सगळे १९४९ च्या मिश्रविवाह बंदी कायद्याकडे बोट दाखवतात. माझ्या मते खरी भिंत १९५० च्या ग्रुप एरियाज ॲक्टची, म्हणजे वंशानुसार वस्त्या वाटणाऱ्या कायद्याची. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबेही वेगळे. पोरंपोरी एकमेकांच्या नजरेला पडणार कुठे? केपटाऊनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली ‘गोऱ्यांची’ जाहीर झाली आणि साठ हजार माणसं उचलून लांब शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट भागात नेऊन टाकली.

कलमबहाद्दर:
साफ असहमत. कुणी भेटतच नव्हतं तर पोलीस पकडत कुणाला होते? लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांवर बंदी घालणारा अनैतिकता कायदा १९२७ चा, तेव्हा गोरे-काळे एवढ्यापुरता. १९५० मध्ये तो गोरे विरुद्ध बाकी सगळे असा ताणला. १९५७ पासून हीच बंदी कलम १६ म्हणून, सात वर्षांपर्यंत कैद. धाड अवेळी पडायची. अंथरुणाला हात लावून ऊब बघायची, चादरी जप्त करायच्या. संबंध सिद्ध झाला नाही तरी ‘प्रयत्न’ पुरे. बाहेर जाऊन लग्न करावं, तर देशात अधिवास असलेल्या पुरुषाचं तसलं लग्न इथे रद्दबातल.

तिसरी घंटा:
दोघेही वंशनोंदणी विसरलात. माणूस आधी रकान्यात बसवला, मगच बाकीचे कायदे चालले. सॅन्ड्रा लेंग गोऱ्या आईबापांची मुलगी. १९६६ मध्ये तिच्यावर ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशी असा शिक्का बसला, पुढच्या वर्षी पुन्हा ‘गोरी’. ती पेट्रस झ्वाने या काळ्या माणसाबरोबर शेजारच्या स्वाझीलँड देशात पळून गेली. नंतर मुलांजवळ राहता यावं म्हणून तिनेच ‘कलर्ड’ नोंद मागितली!
आणि हो, भारतीय-काळे लग्न १९४९ च्या कायद्याने अडत नव्हतं. सरकारला सांभाळायचं होतं ते गोरं रक्त.

उंबरठा:
मग माझंच म्हणणं झालं की! त्या भारतीय-काळ्या जोडप्याने राहायचं कुठे? शिवाय १९८५ मध्ये लग्नबंदी आणि कलम १६ दोन्ही गेली, ग्रुप एरियाज मात्र १९९१ पर्यंत टिकला. मधली सहा वर्षं लग्न कायदेशीर, पण गोऱ्या वस्तीत एकत्र राहायला परवाना. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोथा यांच्या सरकारने स्वस्तातलं तेवढं सोडलं.

कलमबहाद्दर:
स्वस्तातलं? घरासाठी निदान परवान्याचा अर्ज तरी करता येत होता. कलम १६ साठी कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा?