मदत हवी आहे: कवडीपाटची तुतवार, हिरवी की ठिपकेवाली?

नमस्कार मंडळी,

काल सकाळी कवडीपाटला एका पक्ष्यावरून आमच्यात चांगलीच जुंपली. निकाल काही लागेना, म्हणून इथे विचारतोय.

मी, आमचे काका आणि शेजारची ताई असे तिघं दर रविवारी जातो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळलं की नदीवरचा जुना बंधारा लागतो. मुळा-मुठेच्या पाण्याची अवस्था सांगायला नको, फेस आणि जलपर्णी दोन्ही आहेच. तरी थंडीत चक्रवाक येतात, शेकाटे उथळ पाण्यात उभे असतात, धोबी पक्षी तर अगदी पायाशी येतात.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक डबकं आहे. तिथे १०-१२ मीटरवर एकटीच तुतवार (पाणथळ जागी चरणारा लहान पक्षी) चरत होती. चिखलात चोच खुपसायची, दोन पावलं टाकायची, थांबून शेपटी वरखाली करायची. एकदा तिने लाल किडा ओढून काढला, पाण्यात बुडवून धुतला आणि मग गिळला. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो.

'सामान्य तुतवार' ही जात नव्हती, यावर एकमत आहे. खांद्यापुढे वर चढणारा पांढरा पट्टा नव्हता, आणि उडाली तेव्हा शेपटीच्या मुळाशी पांढरंशुभ्र दिसलं. पुढे मात्र फाटे फुटले. काका म्हणाले, "हिरवी. डोळे मिटून लिही." ताई म्हणाली, "काका, डोळे मिटल्यावर सगळ्याच हिरव्या!" तिच्या मते ठिपकेवाली. हरेल त्याने मिसळ द्यायची असं ठरलंय.

अडचण अशी, की पाय पिवळट असतील तर ठिपकेवाली हे मला माहीत आहे, पण पाय चिखलाने माखलेले होते. पंखांची खालची बाजू काकांना काळी दिसली, ताईला फिकट राखाडी, आणि मी नेमका तेव्हा वही काढत होतो. दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेला एक फोटो आहे, जरा धूसर.

पाय आणि पंख सोडून आणखी कशावरून ओळखता येईल? ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) यादी टाकायची आहे आणि चुकीची नोंद जायला नको. एवढ्या घाणीतही या काठावर कोण कोण येतं, हे आमच्यासारख्यांच्या याद्यांतूनच कळणार आहे.

प्रतिसाद १
भुवई बघा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे लांबवर जाते. हिरवीची डोळ्यापाशीच संपते आणि डोळ्याभोवती पांढरं कडं दिसतं. छातीही बघा. हिरवीची गडद छाती पोटाच्या पांढऱ्यापाशी कापल्यासारखी थांबते, ठिपकेवालीची हळूहळू विरते.

प्रतिसाद २
उडताना ओरडली का? ठिपकेवाली 'चिफ्-इफ्-इफ्' असं कोरडं, घाईघाईने ओरडते. हिरवीचा आवाज गोड, 'ट्लुईट-वीट-वीट'. हिरवी बहुधा एकटीदुकटी असते, ठिपकेवाल्या दलदलीत, भातखाचरांत चार-पाच मिळून भेटतात. पण एवढ्यावरून ठरवू नका, एकटी ठिपकेवालीही मी पाहिली आहे.

प्रतिसाद ३
ताई हजर आहे. पंख राखाडीच होता! भुवईकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही. फोटो मोठा करून बघ रे.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो मोठा करून पाहिला. धूसर असला तरी भुवई डोळ्याशी संपलेली दिसते, कडं आहे, आणि छातीची कडही स्पष्ट आहे. आवाजाचं काकांना विचारलं, तर त्यांनी वहीत तिथल्या तिथे लिहून ठेवलं होतं: 'उडताना तीन स्वर, गोड.' हिरवी म्हणूनच नोंदवतोय, या सगळ्या खुणा शेऱ्यात लिहून.

काकांनी आणखी एक सांगितलं. हा चिखलात चरणारा पक्षी उन्हाळ्यात दूर उत्तरेत जाऊन झाडावर अंडी घालतो, तीही बहुधा कस्तुर पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात. मला हे अजिबात माहीत नव्हतं, कालपासून तेच डोक्यात आहे.

ताई, मिसळ तुझ्याकडे लागली. रविवारी साडेसहाला बंधाऱ्यावर भेटू. आणखी कोणाला यायचं असेल तर जरूर या, एक दुर्बीण जास्तीची आहे.