ॲम्बॅसॅडर मार्क थ्री (पेट्रोल) – टायमिंग बरोबर, तरी चोर्ला घाटात टणटण. मदत हवी आहे

गाडी वडिलांची, १९७८ ची, इंजिन मूळचं १४८९ सीसी. आम्ही डिचोलीचे. सपाट रस्त्यावर तक्रार शून्य. केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून धातूवर ठोकल्यासारखी टणटण सुरू. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, तर आवाज जातो, पण पिकअपही जातो, इंजिन तापतं आणि सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते.

आमचा मेस्त (मेकॅनिक) कानावरच टायमिंग लावतो. हात चांगला आहे त्याचा, पण दर वेळी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) वेगळ्याच जागी बसलेला असतो. म्हणून आता मीच लावलं: पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर (चार नंबरचे वाल्व हलताना पाहून खात्री केली), मग बारा व्होल्टचा बल्ब पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला लावून, पुलीची खाच मॅन्युअलमधल्या अंशांवर आली की बल्ब पेटेल असं. कॉइल, प्लग नवे. पेट्रोल पंपावर मिळतं तेच, ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं). व्हॅक्युमच्या डायफ्रामवर (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा पडदा) संशय आहे. बदलू का?

प्रतिसाद १
गॅपला परत हात लावलात का? गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. आधी गॅप, मग टायमिंग, हाच क्रम. बाकी ई-२० मुळे जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण थोडं पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) तपासा.

प्रतिसाद २
डायफ्रामवर पैसे घालू नका. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, तेव्हा व्हॅक्युम जवळपास नसतोच. म्हणजे त्या वेळची टणटण त्याची नव्हे. मला डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या (वेग वाढला की बाहेर जाऊन टायमिंग पुढे नेणारी) स्प्रिंगा ढिल्या वाटतात. बल्बने लावलेलं टायमिंग बंद इंजिनचं. स्प्रिंग सैल असली की थोडा वेग आला तरी वजनं लगेच बाहेर फेकली जातात आणि ॲडव्हान्स (टायमिंग पुढे जाणं) वेळेआधीच येतो.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतला रोटर (फिरणारा तुकडा) घड्याळाच्या उलट दिशेला थोडा फिरवून सोडा. या इंजिनात तो त्याच दिशेने फिरतो. टपकन मागे यायला हवा. रेंगाळला किंवा अडकला तर खालची प्लेट काढा; आपल्या दमट हवेत तिथे गंज चढतोच. शाफ्ट आडवा हलवूनही बघा. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, बुश (शाफ्टचा आधार) झिजला असेल तर कितीही नेमकं लावा, फरक पडणार.

मग टायमिंग लाइट (चालू इंजिनवर पुलीची खूण दाखवणारा दिवा) लावा. व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद करा, आयडलला खूण बघा, हळूहळू रेस द्या. खूण सुरुवातीलाच झपकन पुढे पळाली तर स्प्रिंगच.

धागाकर्ता
रोटर अर्ध्यावरच थांबतो! मेस्ताला दाखवलं, तो म्हणतो तेल सोडू. तेलाने भागेल, की स्प्रिंगा बदलाव्याच लागतील? म्हापसा-मडगावकडे कुठे मिळतील?

प्रतिसाद २
आधी प्लेट काढून गंज साफ करा, पिनांना तेलाचा एखादा थेंब. जास्त नको, पॉइंटवर उडालं तर गाडी सुरूच होणार नाही. त्यानंतरही रेंगाळला तर स्प्रिंगा बदला. दुकानात डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर दाखवून मागा, नुसतं 'ॲम्बॅसॅडरचं' म्हणू नका. नंबर बदलला की स्प्रिंगा बदलतात. आणि साफ झाल्यावर टायमिंग परत लावा, आत्ताचं अर्ध्यावर अडकलेल्या वजनांवर लागलेलं असणार.