घरामागच्या शेडमध्ये जुनी ट्राम निघाली आहे. ती कुठली, हे कसे शोधावे?

पडवी:
नमस्कार. घाईची मदत हवी आहे. गेल्या वर्षी घेतलेल्या घरामागे झाडीत एक मोडकी शेड आहे. ती पाडण्यासाठी बाहेरच्या फळ्या काढायला घेतल्या, तेव्हा आतून ओळीने खिडक्या, गोलाकार टोक आणि पितळी मुठी निघाल्या. शेजारचे आजोबा सांगतात की ही ट्राम आहे आणि त्यांच्या लहानपणी तिच्यात कोंबड्या ठेवलेल्या असत. येत्या शनिवारी कंत्राटदार सगळे उचलून नेणार आहे. ही ट्राम कोणत्या कंपनीची आणि कोणत्या काळातली, हे चार दिवसांत कसे कळेल? ज्यांना खात्रीची माहिती आहे त्यांनीच कृपया लिहावे.

अण्णा_गिरगाव:
अभिनंदन! मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी आणि विजेची ७ मे १९०७ रोजी सुरू झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि तो निरोप पाहायला रस्त्यावर लोटलेल्या गर्दीत, वडिलांच्या खांद्यावर बसून, मीही होतो. आपण बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयात चौकशी करावी. आपली शेड परळच्या बाजूला आहे का?

सुतारपक्षी:
पडवी, घर कोणत्या गावात आहे, हेच आपण लिहिलेले नाही. चाके आहेत का? लांबी किती, एका बाजूला खिडक्या किती आणि छप्पर कसे आहे? एवढे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितले तरी तो अंदाजपंचे कारभार ठरेल.

पडवी:
क्षमस्व, माझ्या लक्षातच आले नाही. आम्ही अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ राहतो. चाके नाहीत, असती तर शेड वाटली कशी असती? लांबी मोजलेली नाही. खिडक्या एका बाजूला दहा दिसतात, पण एक टोक अजून फळ्यांखाली आहे.

अण्णा_गिरगाव:
मग आधीच सांगायचे होते. तरीही मुंबईत १९२० पासून दुमजली ट्रामही धावत होत्या, हे नोंदवून ठेवतो.

सुतारपक्षी:
अण्णा, प्रश्न दुमजली ट्रामचा नाही. पडवी, चाके नसणे हेच इथले नेहमीचे चित्र आहे. मोटारी आणि बस वाढल्यावर १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतल्या ट्राम कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. चाकांचे सांगाडे आणि गाडी चालवणाऱ्या विजेच्या मोटारी यांना भंगारात भाव होता, लाकडी डब्याला नव्हता. त्यामुळे कित्येक डबे केवळ आतले लोखंड मिळावे म्हणून जाळले गेले आणि उरलेले शेतकऱ्यांनी थोडक्या पैशांत नेले. त्यांची खुराडी झाली, तळ्याकाठच्या खोल्या झाल्या, कुठे खाणावळीही झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनारी तर अशा मोडीत काढलेल्या डब्यांची कार्व्हिल नावाची अख्खी वस्तीच उभी राहिली होती.

तुमच्या भागात बोस्टन ते वुस्टर अशी स्वतंत्र ट्राम कंपनी १९०३ ते १९३२ या काळात चालत होती आणि वुस्टर शहराची ट्रामसेवा वेगळी होती. त्यामुळे "वुस्टरजवळ सापडली" एवढ्यावरून कंपनी ठरत नाही. बनवणाराही निराळा असू शकतो, कारण ऑसगुड ब्रॅडली हा कारखाना वुस्टरमध्येच होता, वॉसन स्प्रिंगफील्डमध्ये आणि ब्रिल फिलाडेल्फियात. आता छप्पर पाहा. मधला भाग उंच असून त्याच्या दोन्ही अंगांना लहान झडपा असतील, तर ती धाटणी साधारणपणे जुनी. एकसलग कमानीसारखे छप्पर त्यानंतरचे.

नवी_पालवी:
मी सगळ्यांना वेगळेच सांगते: ओळख पटवत बसू नका. आमच्या परिचितांनी जुन्या रेल्वेच्या डब्यात पाहुण्यांची खोली केली आहे आणि ती फार सुंदर दिसते. सगळे घासून, एकच पांढरा रंग देऊन टाका.

सुतारपक्षी:
घासू मात्र अजिबात नका! एक तर त्या काळच्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला. दुसरे म्हणजे तुम्ही जो पुरावा शोधत आहात तो त्या रंगातच आहे. रात्री विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडा. जुन्या अक्षरांच्या कडा वरच्या थरांतूनही किंचित उठून दिसतात. गाडीचा क्रमांक बाहेर दोन्ही बाजूंना आणि आत दाराच्या वरच्या पट्टीवर असण्याचा संभव अधिक.

नवी_पालवी:
शिशाचे मान्य आहे. पण क्रमांक मिळाला तरी त्याचे करायचे काय? संग्रहालय काही तिला उचलून नेणार नाही.

सुतारपक्षी:
बहुतेक नेणार नाही, हे खरे. मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टचे सीशोअर ट्रॉली संग्रहालय १९३९ मध्ये काही हौशी तरुणांनी बिडफर्ड आणि साको मार्गावरची ३१ क्रमांकाची गाडी १५० डॉलरना घेऊन सुरू केले. आज अशा संग्रहालयांत दुरुस्तीची वाट पाहणारे डबे रांगेने उभे असतात. पण त्यांच्याकडच्या एखाद्या गाडीला तुमची खिडकी, दार किंवा बिजागरी नेमकी बसू शकते. क्रमांक नसेल तर ती शेड, क्रमांक मिळाला तर ती गाडी. म्हणून लांबी आणि रुंदी मोजून, सगळ्या बाजूंची छायाचित्रे काढून त्यांना आजच पाठवा आणि कंत्राटदाराला एक आठवडा थांबवा.

अण्णा_गिरगाव:
कोंबड्यांच्या काळाचा पत्ता शेजाऱ्यांकडेच लागेल. आजोबा त्या वेळी किती वर्षांचे होते, हे विचारा. शिवाय जमिनीचे जुने खरेदीखत काढा. डबा परसात कधी आला, ते साल कळले की कोणत्या कंपनीने त्या सुमारास गाड्या विकल्या, हे शोधणे सोपे जाईल.

सुतारपक्षी:
अण्णा, हे मात्र अगदी नेमके सांगितलेत.

पडवी:
कंत्राटदार पुढच्या शनिवारपर्यंत थांबायला तयार झाला आहे. त्याचे जास्तीचे पैसे द्यावे लागतील, ते वेगळेच. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे होते आणि आता नव्वदीला टेकले आहेत. छप्पर मधे उंच आहे. काल रात्री विजेरी घेऊन तासभर भिंत न्याहाळली, पण हिरव्या रंगाखाली तांबडा आणि त्याखाली मळकट पिवळा, एवढेच दिसले. मग एक खिडकी सैल होती, ती चौकटीसकट वर उचलून काढली. तिच्या वरच्या कडेला, जिथे रंग कधी लागलाच नव्हता, तिथे लाकडात ठसा मारलेला २७३ हा आकडा आहे. म्हणजे क्रमांक मिळाला ना?

सुतारपक्षी:
गाड्यांच्या सुट्या भागांवर असे ठसे मारत असत, त्यामुळे आशा आहे. पण शेजारची खिडकीही काढून पाहा.

पडवी:
काढली. तिच्यावर २६८ आहे, आणि पलीकडच्या दोन्हींवर पुन्हा २७३.

सुतारपक्षी:
म्हणजे दुरुस्तीच्या वेळी एक खिडकी दुसऱ्या गाडीची बसवली गेली असावी. तीन विरुद्ध एक म्हणून २७३ वर भिस्त ठेवू नका. फळ्यांखाली असलेले ते टोक उघडा आणि दाराच्या वरची पट्टी पाहा.

अण्णा_गिरगाव:
पण कंत्राटदाराच्या हातून उघडू नका. एकेक खिळा स्वतः काढा.