जुना किमोनो, पुसट कडांची फुलं: हे खरंच रेशीम आहे का?

मीनल_क
टोकियोत जुन्या कपड्यांच्या बाजारात एक किमोनो घेतला. जांभळ्यावर पिवळी फुलं, एकेक ताटाएवढं. पण फुलांच्या कडा पुसट, रंग फुटल्यासारख्या. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, 'मेइसेन, रोज नेसायचं रेशीम.' रोज? आणि छपाई बिघडलीय का?

धागादोरा
बिघडली नाही हो, तीच तर मेइसेनची खूण! टोकियोजवळच्या चिचिबू शहरात मागावर बघितलंय मी. उभे धागे आधी कच्च्या आडव्या धाग्यांनी विरळ विणून घेतात आणि त्यावर साच्याने रंग छापतात. मग ते मागावर चढवून खरं विणकाम सुरू. विणता विणता कच्चे धागे हाताने काढत जायचं. तेवढ्यात छापलेले धागे केसभर सरकतात, म्हणून कडा पुसट. 'होगुशी' म्हणतात याला, म्हणजे उसवणं. चिचिबूत या छपाईचं पेटंट १९०८ सालचं.

आता रोजचं रेशीम. दोन अळ्या मिळून एकच कोष करतात, त्याचा धागा गुंतलेला निघतो. असे जोडकोष चांगल्या सुताला चालत नसत, ते शेतकऱ्यांच्या घरीच राहायचे. बायका त्यातून जाडंभरडं 'फुतोओरी' विणायच्या, मेइसेन त्याचंच लेकरू. पुढे गिरणीचं रेशमी सूत आणि रासायनिक रंग आल्यावर ते स्वस्त झालं. १९२०-३० च्या सुमारास शाळकरी मुली, कचेरीत जाणाऱ्या बायका सर्रास हेच नेसत. इसेसाकी, अशिकागा, किर्यू, हाचिओजी इथेही माग होते. लग्नाला मात्र नेसू नका, म्हाताऱ्या नाक मुरडतील.

बोरू७
जपानी म्हणजे फिकट, शांत रंग ना? हे तर भलतंच भडक.

धागादोरा
तो आपला गैरसमज. पॅरिसच्या आर्ट डेको या ठसठशीत, भौमितिक नक्षीच्या शैलीची नक्कलही सापडते मेइसेनवर. तरण्या पोरींना विकायचं होतं, चहाच्या समारंभाला नव्हे.

मीनल_क
आतून शिवण उलटून पाहिली. रंग दोन्हीकडे सारखाच!

धागादोरा
असणारच, धागाच रंगवलेला आहे. एक बाजू विटली की उसवून, उलटवून पुन्हा शिवायचे. किमोनो सगळा सरळ पट्ट्यांचा, त्यामुळे जमतं. पाण्यात अजिबात घालू नका. आणि बसायची जागा उजेडात धरून बघा, विरतं ते तिथूनच.

मीनल_क
धरली. पलीकडची खिडकी दिसतेय.